आमचे मौनीबाबा जावई

माझा जावई बोलत नाही. मुका नाही हो, जीभ चांगली धडधाकट आहे. पण ती वापरायची असते हे त्याला लहानपणी कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि मी? मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, तोंडापुढे दांडी, आणि दिवसभर "बोला, कुठला नंबर हवाय?" तोंडाचा पट्टा हेच माझं पोटापाण्याचं साधन. अशा बाईच्या पदरात देवाने हा जावई टाकला. याला थट्टा नाही तर काय म्हणायचं!

लेकीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तो तासभर खुर्चीच्या कडेवर बसून होता. मी विचारलं, "काम काय करता?" म्हणाला, "क्रेनखाली उभा असतो." मी म्हटलं, अहो, उभं राहणं हे काय काम झालं? तर नुसता हसला. मग मी जरा काळजीने विचारलं, "धोका नाही ना हो त्यात?" तेव्हा मात्र शांतपणे म्हणाला, "वरचा आहे ना. पंधरा वर्षं त्याच्याच भरवशावर उभा आहे." मला अगदी भरून आलं. अगंबाई, आजकालच्या दिवसांत एवढा भाविक मुलगा! त्या एका वाक्यावर मी लग्नाला होकार देऊन टाकला. चार महिन्यांनी कळलं की 'वरचा' म्हणजे क्रेनचा चालक.

मग लेकीने मला सगळं नीट समजावून दिलं. उंच इमारतीच्या बांधकामावर ती लांबलचक मानेची क्रेन असते, तिचा चालक शंभर हात वर काचेच्या पेटीत बसतो. भार कुठे टेकतोय ते त्याला धड दिसत नाही आणि खालचं ऐकू तर काहीच येत नाही. वॉकीटॉकी असते, पण ती खरखरते आणि नेमक्या वेळी दगा देते. म्हणून खाली एक माणूस उभा करतात. तो हातांनी खुणा करतो: वर घे, खाली घे, डावीकडे, हळू, थांब. वरचा त्या खुणांशिवाय बोटभरही हलत नाही. तो खालचा माणूस म्हणजे आमचे हे जावई. मी तेव्हापासून त्याला मौनीबाबा म्हणते, तोंडावरसुद्धा. तो हसतो, दुसरं काय करणार.

मग आमची टिल्ली झाली. एवढीशी होती, म्हणून टिल्ली. लेक मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. नोकरी पक्की, पगार नवऱ्यापेक्षा बराच जास्त. तिची रजा संपत आली तशी पाळणाघरांची शोधाशोध सुरू झाली, आणि मीही दोन दिवस त्यांच्याबरोबर हिंडले. पहिल्या ठिकाणी मुलं टीव्हीपुढे ओळीने बसवलेली, एकही हूं की चूं करत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी दोन खोल्यांत अकरा मुलं आणि एकच बाई. बाई बिचारी मायाळू होती, पण दमून तिचे डोळे खोल गेले होते. तिसरं मात्र छान. मोठाल्या खिडक्या, मागे बाग, चार ताया. तिथली फी ऐकून लेक बाहेर आली आणि म्हणाली, "म्हणजे याचा पगार एका हाताने घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने इथे द्यायचा. झालं."

मौनीबाबा जिन्यात थांबला. त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य तो तिथे बोलला. "मग पगार पण नको, फी पण नको, ती शाळेत जाईपर्यंत मी राहतो घरी."

मी भडकलेच. "पुरुष माणूस घरात बसून काय करणार? लोक काय म्हणतील?" लेक माझ्याच वळणावर गेलेली, फटकळ. म्हणाली, "आई, मग तू येऊन राहतेस का?"

लाज वाटते, पण सांगते. मला यायचं नव्हतं. एकतीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर नाचून नुकती कुठे सुटले होते. दोन तासांवरच्या गावात माझं छोटंसं घर, सकाळचं फिरणं, दुपारी मैत्रिणींबरोबर पत्ते. ते सोडवेना. मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

तर जावई घरी राहिला. नातेवाईक म्हणाले, हातावर हात धरून घरी बसलाय. मीही एकदोनदा म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. टिल्लीला खाली सोडायच्या आधी तो खोलीभर फेरी मारायचा, वाकून, कोपरे बघत. बटण, टाचणी, लोंबणारी वायर, काही म्हणता काही राहू द्यायचा नाही. झोळीची गाठ तीनदा ओढून बघायचा. आणि तिला उचलायची त्याची एक तऱ्हा होती. दोन्ही हात खाली घालायचा, वीतभर उचलायचा, तिथे थांबायचा, तोल बघायचा आणि मगच वर घ्यायचा. मी म्हटलं, "अहो, पोर आहे ती, सळ्यांचा भारा नाही." तर म्हणाला, "सवय." पण खरं सांगू, त्याच्या हातात ती कधी दचकली नाही. आमच्या हातात दचकायची.

एका पगारात तिघांना बसवायचं म्हणजे ओढाताण आलीच. त्यांनी स्कूटर विकली. मोठं घर सोडून दोन खोल्यांत आले. लेक सुट्टीच्या दिवशी जादा ड्यूट्या घ्यायला लागली. हा टिल्लीला पोटाशी बांधून बाजार उठायच्या वेळी भाजी आणायला जायचा, तेव्हा स्वस्त मिळते म्हणून. एकदा लेक मला फोनवर म्हणाली, "आई, मी घरी येते तेव्हा टिल्ली न्हालेली असते, जेवलेली असते, आणि हा दाराशी तिला घेऊन उभा असतो. मला दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत एकदाही काळजी वाटत नाही." मी म्हटलं बरंय बाई. मला तिचा थोडा हेवाच वाटला.

पण टिल्ली बोलेना.

दीड वर्षाची झाली, बोलेना. दोन वर्षांची झाली, बोलेना. समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, दिवा कुठे म्हटलं की वर बघायची. पण तोंडातून 'हूं'पलीकडे अक्षर नाही. मी दर रविवारी फोन करायचे आणि पहिला प्रश्न तोच, "बोलली का?" "नाही ग अजून." कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, काही मुलं उशिरा बोलतात; घरात बोलणं जरा वाढवा. झालं! मला तेवढंच हवं होतं. घरात कोण बोलत नाही ते काय सांगायला पाहिजे?

ती सव्वादोन वर्षांची असताना मी आठ दिवस राहायला गेले. अहो, काय ती शांतता! फ्रीजची घरघर ऐकू यायची. बाप-लेक जमिनीवर लाकडी ठोकळे मांडून बसलेले. तो बोलत नाही, ती बोलत नाही, आणि दोघंही मजेत. मध्येच ती हात हलवायची, बोटं फिरवायची. मला वाटलं, माशा हाकलतेय. मी खिडकीची जाळी तपासली.

चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. लेक कामावर गेलेली. जावई स्वयंपाकघरात टिल्लीसाठी उकडलेलं अंडं सोलत होता. मी म्हटलं, "जावईबापू, राग मानू नका, पण मुलं ऐकून बोलायला शिकतात. या घरात तिला ऐकायला काय मिळतं?" तो अंडं सोलत राहिला. त्याच्या गप्प राहण्याने माझा पारा आणखी चढला. म्हटलं, "तुमच्यामुळे ही पोर मुकी राहील, लिहून ठेवा."

ते वाक्य मी बोलायला नको होतं. त्याने अंडं बशीत ठेवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन ओले कपडे वाळत घालायला लागला. बराच वेळ घालत होता. एकच बादली होती.

दोन दिवसांनी जेवताना त्यानेच विषय काढला. "मुकादमाला फोन केला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून ये म्हणतोय. टिल्लीला त्या खिडक्यांच्या पाळणाघरात घालू." लेकीचा घास हातातच राहिला. "अरे, पुन्हा तेच ना! एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं? मग दोन वर्षं ही सगळी ओढाताण कशासाठी केली आपण?" तो ताटाकडे बघत म्हणाला, "काही उरलं नाही तरी चालेल. तिथे बोलतात. तिला बोलता आलं पाहिजे." मग उठला आणि ताट घासायला घेतलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं. तो पोरीपासून लांब जायला निघाला होता, मी म्हटलं म्हणून, आणि मी मनातल्या मनात फुगड्या घालत होते. माणूस किती मूर्ख असावा याला काही मर्यादा?

पुन्हा येऊन पहिले पंधरा दिवस तिला पोचवायचं आणि आणायचं मी कबूल केलं, कारण ते दोघंही उजाडताच बाहेर पडणार. त्या पहिल्या सोमवारी सकाळी मी उठले तर टिल्लीची पिशवी दाराशी तयार. वर एक कागद, त्याच्या अक्षरात. "केळं पूर्ण सोलू नये, अर्धं सोलून हातात द्यावं. झोपताना डावी कूस. दारं जोरात लावू नयेत. रडली तर लगेच उचलू नये, आधी पाठीवर हात ठेवावा." बोलत नाही म्हणता म्हणता माणसाने पानभर लिहून ठेवलं होतं. मी तो कागद तायांना दिला. त्यांनी छान आहे म्हणून खणात ठेवून दिला.

मंगळवारी आणायला गेले तर मोठ्या ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, जरा बोलायचं होतं. ही मूठ उगारते हो." आज घसरगुंडीवर एका मुलाने दुसरीला ढकललं, तर ही त्याच्यासमोर जाऊन मूठ वर करून उभी राहिली. मारलं नाही, पण मुलं घाबरली. ताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घरी कुणी मारतं का तिला?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "छे हो! हिचा बाप म्हणजे गरीब गाय आहे."

डोकं तापलेलंच होतं. परत येताना मी तिचा हात धरून तरातरा चालत होते आणि तोंडाने चालूच होतं, शहाण्या मुली अशा वागतात का, चारचौघांत मान खाली घालायला लावलीस. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघत मूठ वर केली. माझ्यावर! आजीवर! मी त्या हातावर एक चापट मारली. "हात खाली! पुन्हा मूठ उगारलीस तर बघ." आणि तिला ओढत एक पाऊल पुढे टाकलं तर गल्लीतून एक सायकल सुसाट आली आणि माझ्या पदराला घासून गेली. सायकलवाल्यालाही मी चार शब्द सुनावले. टिल्ली रडली नाही. आपल्या हाताकडे बघत राहिली, आणि मग तो हात तिने काखेत लपवला.

बुधवारी ताई म्हणाल्या, "आज मूठ नाही उगारली." मी म्हटलं, बघा, समजावलं की ऐकते. गुरुवारी म्हणाल्या, "आजी, ती काहीच करत नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहते. भरवलं तरी खात नाही." घरीही तेच. संध्याकाळी बाप दमून यायचा, तिला मांडीवर घ्यायचा, आणि ती हात काखेत घालून त्याच्या छातीला टेकून बसायची. तो तिच्या हातांकडे बघायचा. "दमली असेल," म्हणायचा. मी भांडी आवरायला उठायचे.

शुक्रवारी तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही म्हणून मला दुपारीच बोलावलं. मी तिला घेऊन निघाले आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, घरी न जाता बांधकामाच्या रस्त्याला वळले. "चल, बाबाला बघू या." कुंपणाला जाळी होती आणि जाळीबाहेर एक ओटा. तिला कडेवर घेऊन मी तिथे उभी राहिले.

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या जावयाला काम करताना पाहिलं. नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, मोकळ्या जागेत एकटा उभा. वर सळ्यांचा हा एवढा भारा लोंबत होता. त्याने एक बोट वर करून गोल फिरवलं, भारा वर गेला. हात बाजूला केला, क्रेनची मान तिकडे वळली. बोट खाली करून फिरवलं, भारा उतरायला लागला. मग एका हातावर दुसरा तळवा धरला, तर सगळं हळू झालं, इतकं हळू की बघवेना. आणि मग त्याने मूठ वर केली.

सगळं जागच्या जागी थांबलं. शंभर हातांवरचं ते धूड गप्प उभं राहिलं.

ती मूठ मी ओळखत होते. कोपर तेवढंच वाकलेलं, अंगठा तसाच बाहेर. घसरगुंडीवरच्या मुलाला ती 'थांब' म्हणाली होती. ढकलू नकोस, थांब. आणि गल्लीच्या तोंडाशी मला म्हणाली होती, आजी थांब, सायकल येतेय. आणि मी तिला त्याबद्दल मारलं होतं. एकतीस वर्षं मी जगाची बोलणी जोडून दिली, आणि माझ्या कडेवरची ही पोर दीड वर्ष बोलतेय ते मला ऐकू आलं नव्हतं. मी माशा शोधत होते, माशा! मी ओट्यावर बसले.

तेवढ्यात टिल्लीचे हात काखेतून बाहेर आले. बोट खाली करून गोल फिरवलं. मी तिला खाली ठेवलं. अहो, मी तिला समजले! ती जाळीपाशी गेली, बापाकडे बघून बोट वर केलं आणि फिरवायला लागली. वर घे. मला वर घे.

त्याने पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. पण भारा अजून हवेत होता, आणि तो हवेत असेपर्यंत त्याचे हात त्याचे नव्हते. तिच्यासाठी बोट जरी हललं असतं तरी वरच्याने सळ्या उचलल्या असत्या. त्याने डोळे पुन्हा भाऱ्याकडे नेले. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार, बापाने तोंड फिरवलं म्हणून. तर तिने काय करावं? वर केलेलं बोट मिटलं, आणि एका इवल्या हातावर दुसऱ्या हाताचा तळवा धरला. हळू. सावकाश कर. आणि तशीच हात धरून उभी राहिली, भारा खाली टेकून हुक सुटेपर्यंत. मी रस्त्यात, भर दुपारी, पदर तोंडाला लावून रडले. येणारेजाणारे बघत होते. बघोत.

हुक सुटला आणि तो पळत आला. जाळीतून उचलता येईना म्हणून फाटकातून वळसा घालून आला. तिला वीतभर उचललं, थांबला, आणि वर घेतलं. तिथेच उभ्या उभ्या तिने त्याच्या डब्यातला अख्खा ब्रेड खाल्ला. मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही.

पुढे ती बोलायला लागली, तिसरं वर्ष सरता सरता, आणि अशी लागली की आता मलाच गप्प बसवते. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. टिल्ली बाहेरच्या खोलीत ठोकळे मांडत होती. लेकीने दूध तापायला ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. मूठ, सायकल, चापट, सगळं. जावई ऐकत होता, पण त्याला उमगेना. "मी? घरात? हात करतो?"

लेक म्हणाली, "करतोस की. सारखा करतोस. जेवण वाढताना पुरे म्हणायचं तर मूठ. दिवा घालवताना बोट. झोपेतसुद्धा करतोस. मला वाटायचं, तुझी सवय आहे."

"पण मला तर वाटायचं, मला तिचं नुसतंच कळतं."

"नुसतंच कसं कळेल?" मी म्हटलं. "ती सांगायची म्हणून कळायचं."

तो माझ्याकडे वळला. मग विचारलं, "म्हणजे ती बोलत होती?"

"दीड वर्ष बोलतेय."

"माझ्याशी?"

"तुमच्याशीच हो. आणखी कुणाला येतं ते?"

तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलायला लागले. "मला वाटलं, माझ्यामुळे तिचं नुकसान झालं," एवढंच कसंबसं म्हणाला. सासूने जावयाला जवळ घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. मी घेतलं. म्हटलं, "मी चुकले, जावईबापू. माझ्या या मेल्या तोंडाने घात केला. त्या कामावर जाऊ नका सोमवारी. पोरीला तिचा माणूस परत द्या."

"पैसे?" तो हातांआडूनच म्हणाला.

"माझी एक खोली भाड्याने देते आणि भाडं इकडे पाठवते. महिन्यातले पंधरा दिवस इथे येऊन राहीन. तुम्ही हात करा, तोंड मी चालवते. दोन्ही शिकेल."

लेकीने डोळे पुसत विचारलं, "आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय!"

ती हसली, तोही रडता रडता हसला, आणि आमच्या गलक्याने टिल्ली दारात आली. तिने एकेकाकडे नीट बघून घेतलं. बाप स्टुलावर, आई त्याच्या खांद्याशी, आजी मध्येच वाकलेली. मग ती आमच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पोटापुढे आणून बोटं एकमेकांत गुंतवली. घट्ट. ही खूण मला माहीत नव्हती.

"हे काय म्हणतेय?" मी विचारलं.

त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता सगळं आहे तिथेच राहू द्या, म्हणते. कुणी काही हलवायचं नाही."

दूध वर आलं, आम्हाला तिघांनाही दिसत होतं. ते उतू गेलं, कट्ट्यावर पसरलं, कडेवरून खाली ठिबकायला लागलं, आणि आम्ही कुणी हललो नाही.